मनगटाएवढ्या झाडाचं वय : टायगा, टंड्रा आणि तिथलं संरक्षण

उत्तरवात | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

ॲमेझॉनच्या धाग्यावर मी मागे म्हटलं होतं की जंगल म्हटलं की आपल्याला विषुववृत्तच आठवतं, उत्तरेकडच्या रानाचं कुणी नाव काढत नाही. त्यावर "मग तुम्हीच लिहा" असं दोघातिघांनी सुचवलं. लिहायला घेतलं आणि लांबलं, सांभाळून घ्या.

मी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, यलोनाइफला राहते. नऊ वर्षं झाली. पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. जे कळलं ते कामामुळे, पायी हिंडल्यामुळे आणि इथल्या डेने या मूळनिवासी समाजातल्या सहकाऱ्यांनी हाताला धरून दाखवल्यामुळे.

पहिल्याच उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या कॅम्पच्या वाटेवर स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांचं एक झाड आडवं पडलं होतं, ते आम्ही कापलं. बुंधा माझ्या मनगटाएवढा. मला वाटलं, असेल आठदहा वर्षांचं. त्याने एक चकती कापून हातात दिली आणि म्हणाला, मोज. नुसत्या डोळ्यांना वलयं दिसेनात. घरी आणून भिंगाखाली मोजली, ११२ भरली. माझ्या पणजीच्या वयाचं झाड आणि जाडी मनगटाएवढी! ती चकती अजून टेबलावर आहे. मला या धाग्यात जे म्हणायचंय ते तिच्यातच आहे. इथे सगळं फार सावकाश वाढतं. मोडलेलं आपल्या हयातीत जुळून येईल याची खात्री नसते. त्यामुळे इथलं रान वाचवायचं तर ते धड आहे तोवरच वाचवावं लागतं.

आधी थोडा भूगोल. यलोनाइफ ग्रेट स्लेव्ह लेकच्या उत्तर काठावर आहे. हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल सरोवर, ६१४ मीटर. कॅनडाने आपल्या जमिनीचे १५ इकोझोन पाडलेत, म्हणजे खडक, हवामान, माती, झाडोरा असं सगळं एकत्र पाहून केलेले विभाग. आम्ही टायगा शील्डमध्ये. टायगा म्हणजे उत्तरेकडचं विरळ, खुजं रान. इथून पश्चिमेला मॅकेंझी नदीच्या सखल भागाकडे गेलं की टायगा प्लेन्स. तिथे माती खोल, दलदली मोठ्या, झाडं जरा उंच. ईशान्येला निघालं की झाडं खुजी आणि विरळ होत जातात आणि मग सदर्न आर्क्टिक, म्हणजे बिनझाडांचा टंड्रा. टायगा शील्डचा पाया अतिप्राचीन आहे. सुमारे ४०० कोटी वर्षांचा अकास्टा नाइस हा खडक याच टेरिटरीत सापडला. आपला सह्याद्रीतला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथल्या मानाने कालपरवाचा. हिमयुगाच्या बर्फाने या खडकावरची माती खरवडून नेली, त्याला दहाएक हजार वर्षंच झालीत. तेवढ्या काळात जेमतेम बोटभर माती आणि तिच्यात तग धरलेली झाडं.

झाडं नेमकी कुठे संपतात? जुलैचं सरासरी तापमान साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली राहतं तिथे झाड उभं राहत नाही, असा ढोबळ नियम आहे. पण ही वृक्षरेषा अक्षांशाला धरून जात नाही. मॅकेंझीच्या मुखाकडे, इनुविकच्या आसपास ती ६८ अंशांच्याही वर आहे. तिथून तिरकी उतरत ती हडसनच्या उपसागराशी, चर्चिलजवळ, ५९ अंशांच्याही खाली येते. उपसागरावरचा बर्फ पार जुलैपर्यंत टिकतो आणि भोवतालची जमीन गार ठेवतो, त्याचा हा परिणाम. नकाशावर ती रेघ असली तरी पायाखाली तो रुंद पट्टा असतो. आधी झाडं एकमेकांपासून लांब जातात, मग फक्त खोलगट आडोशाला उरतात, शेवटी जमिनीला टेकून पसरतात. जेवढी बर्फाखाली झाकली जाते तेवढीच फांदी जगते.

खाली पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा सुटतो, त्याखालची जमीन गोठलेलीच. पाणी खाली मुरत नाही, म्हणून पाऊस बेताचा असूनही जिकडेतिकडे पाणथळ. तिथे शेवाळ वाढतं, मरतं, थंडीमुळे कुजत नाही आणि हजारो वर्षं साठत जातं. उत्तरेच्या गोठलेल्या जमिनीत असा सुमारे दीड लाख कोटी किलो... थांबा, चुकलं, दीड लाख कोटी टन कार्बन साठलाय, म्हणजे वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. (संपादन करताना पुन्हा मोजलं : १,५०० अब्ज टन. तेच ते.) पर्माफ्रॉस्ट वितळला की जमीन खचते, झाडं वेडीवाकडी कलतात, आमच्याकडचे रस्ते लाटांसारखे होतात.

आता कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअर. टंड्रावर पिल्लं घालायची आणि हिवाळ्यात झाडांच्या आश्रयाला यायचं, असा त्यांचा वर्षाचा फेरा. म्हणून त्यांच्यासाठी टायगा आणि टंड्रा ही दोन वेगळी रानं नाहीतच. हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं लायकेन, म्हणजे दगडफूल. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच लांबच्या गोतातलं. कॅरिबू बर्फ खुरांनी उकरून ते खातात. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. रान जळलं की कॅरिबूचं पोट भरेल इतकं दगडफूल परत यायला निदान पन्नासएक वर्षं लागतात.

इथल्या बॅथर्स्ट कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० जनावरं होती. २०१८ मध्ये ८,२०० उरली. कारणं एक नाही अनेक आहेत : आगी, तापमान, खाणी आणि त्यांचे रस्ते, लांडगे, शिकार. शिवाय कळप काही दशकांच्या चक्रात वाढतात-घटतात, हे वडीलधारे सांगतातच. पण इतकी घट झाल्यावर पूर्वीसारखी वाढ होईल का, या प्रश्नावर तेही गप्प होतात.

आगीचं मी स्वतः पाहिलंय. १६ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी शहर रिकामं करायचा आदेश निघाला. साधारण २०,००० वस्ती आणि दक्षिणेला जाणारा रस्ता एकच. आम्ही रात्री निघालो. दोन्ही बाजूंना धूर, मधेमधे रस्त्याच्या कडेला अजून लाल असलेले बुंधे. पुढच्या गाडीचे मागचे दिवे धरून चाललो होतो. मॅकेंझी नदीवरचा डे चो पूल ओलांडला तेव्हा पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. ६ सप्टेंबरला परत यायला मिळालं. शहर वाचलं होतं. त्या वर्षी सगळ्या कॅनडात मिळून सुमारे दीड कोटी हेक्टर रान जळलं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र.

संरक्षणाचं एक उदाहरण देते आणि थांबते. ग्रेट स्लेव्ह लेकच्या पूर्वेच्या फाट्यावर लुट्सेल के नावाचं तीनचारशे वस्तीचं डेने गाव आहे. तिथे रस्ता जात नाही. सरकारला १९७० च्या सुमारापासून तिथे राष्ट्रीय उद्यान हवं होतं आणि गावकरी नको म्हणत होते, कारण तेव्हा उद्यान म्हणजे शिकार-मासेमारी बंद आणि माणसं बाहेर. पुढे भोवती हिऱ्यांच्या खाणी आल्या आणि गावाने स्वतःच्या अटींवर बोलणी सुरू केली. ऑगस्ट २०१९ मध्ये थायडेने नेने जाहीर झालं. अर्थ, पूर्वजांची भूमी. सुमारे २६,००० चौरस किलोमीटर, वृक्षरेषेच्या दोन्ही बाजूंना. कारभार गाव, टेरिटरीचं सरकार आणि पार्क्स कॅनडा मिळून करतात. तीन कोटी डॉलरचा विश्वस्त निधी आहे, त्यातून गावातलेच राखणदार पगारावर असतात. आणि गावकरी तिथे शिकार करतात, मासे धरतात, राहतात.

तुमच्यापैकी कुणी उत्तरेत राहत असेल, काम केलं असेल, किंवा काही खटकलं असेल तर लिहा.

---

शेवगा | ११ जानेवारी, रात्री १०:२५

वाचनखूण साठवली. दगडफुलाचं वाचून स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून पाहिला.

दोन शंका. टायगा आणि बोरियल एकच का? आणि आग तर तिथे नैसर्गिक आहे असं वाचलं होतं, मग एवढी काळजी का?

---

उत्तरवात | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

शेवगा, बोरियल हा मोठा पट्टा. नाव ग्रीकांच्या उत्तरवाऱ्याच्या देवावरून, बोरियसवरून. टायगा हा शब्द रशियनमधून आला. बरेच लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. इथे मात्र टायगा म्हणजे बोरियलचा उत्तरेकडचा विरळ, खुजा भाग. टंड्रा हा शब्द मूळ उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा, बिनझाडांच्या उंच भूमीसाठी.

आगीबद्दल बरोबर वाचलंय. जॅक पाइनचे शंकू राळेने बंद असतात, आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी सांडतं. काळ्या स्प्रूसचंही थोडं तसंच. झाडं आगीची सवय ठेवूनच घडलीत. पण ती सवय शंभरेक वर्षांतून एकदा येणाऱ्या आगीची. तीसचाळीस वर्षांत दुसरी आग आली तर नव्या झाडांना अजून बीच धरलेलं नसतं. शिवाय उन्हाळा कोरडा असला की जमिनीवरचा जुना शेवाळाचा थरही जळतो. मागच्या आगीत जो कार्बन जमिनीत राहिला होता तो या आगीत सुटतो. मग उघड्या मातीवर स्प्रूसऐवजी बर्च आणि ॲस्पेन उगवतात. रान असतं, पण दगडफुलाचं नसतं.

काही आगी हिवाळ्यातही विझत नाहीत. बर्फाखाली पीटमध्ये, म्हणजे साठलेल्या शेवाळाच्या थरात, धुमसत राहतात आणि वसंतात वर येतात. २०२३ च्या काही आगी २०२४ मध्ये अशाच पुन्हा पेटल्या.

---

सागवान | १२ जानेवारी, दुपारी १२:५०

उत्तरवातताई, नोकरीची २९ वर्षं वनखात्यात काढली, त्यातली बरीच गडचिरोलीत. तुमचा लुट्सेल केचा परिच्छेद दोनदा वाचला.

आमच्याकडे मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. खात्यात असताना आमच्यापैकी अनेकांना वाटायचं की गावाच्या हाती जंगल दिलं की संपलं. मलाही वाटायचं. पुढे बांबूची तोड त्यांनी स्वतः नियम करून कशी केली ते पाहिलं आणि माझं मत बदललं. तुमच्याकडेही पन्नास वर्षं त्याच वळणावर गेली असं दिसतं.

पण एक गोष्ट समजावून सांगा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून १,७२७ चौरस किलोमीटर. तुमचं थायडेने नेने २६,०००. एवढं लागतं कशाला? आणि एवढं राखायला माणसं किती?

---

उत्तरवात | १२ जानेवारी, रात्री ८:१५

सागवानकाका, तुमच्या शब्दाला वजन आहे, मनापासून आभार.

एवढं लागतं कारण जमीन फार थोडं देते. ताडोबात एका चौरस किलोमीटरवर जेवढा चारा उगवतो त्याच्या पासंगालाही इथली जमीन पुरत नाही. जनावरांना शेकडो किलोमीटर फिरावं लागतं. सीमा कितीही मोठी आखली तरी कळप तिच्या बाहेर जातो. यावर इथे एक उपाय निघालाय तो मला फार आवडतो. २०१५ पासून बॅथर्स्ट कळपाभोवती फिरतं शिकारबंदी क्षेत्र आहे. काही कॅरिबूंच्या गळ्यात उपग्रहाचे पट्टे असतात, त्यावरून दर आठवड्याला सीमा नव्याने आखली जाते. कळप सरकला की बंदीही सरकते.

माणसांचं म्हणाल तर थोडी, पण जाणती. त्लिचो या इथल्या मूळनिवासी लोकांचा एक उपक्रम २०१६ पासून चालू आहे. उन्हाळ्यात छोटे गट टंड्रावरच्या तळ्यांकाठी तंबू ठोकून राहतात आणि कॅरिबूच्या मागे चालतात. विमानातून मोजदाद होते ती वेगळी. हे लोक जनावर लंगडतंय का, पिल्लाला पाजतंय का, माश्यांनी हैराण आहे का, चरायला निवांतपणा मिळतोय का, हे लिहून ठेवतात. गटात वडीलधारे असतात आणि विशीतली मुलंही. कॅरिबूला त्यांच्या भाषेत एक्वो म्हणतात. शिकार त्यांनी जवळजवळ थांबवलीय. ज्या घरात आजोबांच्या आठवणीत दर शरदात वाळवलेलं मांस टांगलेलं असायचं, तिथल्या मुलांना आता कॅरिबूचं मांस क्वचित मिळतं. हे त्यांनी सोसलंय, हे सांगायलाच हवं.

---

चिखलवाट | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

मी ऐरोली आणि उरणच्या खाड्यांवर पक्षी पाहतो. या धाग्याचा माझ्या रविवारशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो.

ऑगस्टच्या अखेरीस आमच्या खाडीवर कर्ल्यू सँडपायपर उतरायला लागतात. पहिल्या आलेल्यांच्या छातीवर विणीचा विटकरी रंग अजून बाकी असतो. हे पक्षी सैबेरियाच्या टंड्रावर, तैमिर द्वीपकल्पाच्या बाजूला अंडी घालून आलेले असतात. लिटल स्टिंटही उत्तरेच्या टंड्रावरचेच. चिमणीएवढा पक्षी, ध्रुवाजवळून ठाण्याच्या खाडीपर्यंत.

यातली मजा लेमिंगची. लेमिंग म्हणजे टंड्रावरचा उंदरासारखा प्राणी. त्याची संख्या दर तीनचार वर्षांनी फुगते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असतील त्या वर्षी आर्क्टिक कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. लेमिंग कमी झाले की कोल्हे अंड्यांवर येतात. त्यामुळे कुठल्या वर्षी थव्यात कोवळी पिल्लं जास्त दिसतात यावरून तिकडचं साल कसं गेलं याचा अंदाज येतो. ऐरोलीच्या चिखलात उभं राहून तैमिरच्या कोल्ह्यांचा विचार करतो मी!

तैमिरवर १९९३ पासून ग्रेट आर्क्टिक हा राखीव प्रदेश आहे, ४१,००० चौरस किलोमीटरहून मोठा. तरी २०२४ मध्ये कर्ल्यू सँडपायपर जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात गेला. जन्मस्थान राखलं तरी वाटेतले चिखल आणि हिवाळ्यातल्या खाड्या भरून टाकल्या तर पक्ष्याने उतरायचं कुठे? ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, ते चांगलं झालं. तिच्या कडेच्या कितीतरी पाणथळ जागा मात्र त्या रेषेबाहेर आहेत.

---

बीकेसीकर | १३ जानेवारी, रात्री ११:१०

हिऱ्यांचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात कच्च्या मालाची प्रतवारी करतो. जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला सुरतेला येतात, त्यात कॅनडाचेही. आम्हाला कॅनडाचा माल म्हणजे स्वच्छ माल असंच सांगितलं जातं, आफ्रिकेतल्या युद्धांमधून आलेला नाही असं. ते खरं आहेच. पण कॅरिबूंबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

उत्तरवात, तुम्ही खाणींच्या विरोधात आहात का? प्रामाणिकपणे विचारतोय. तिथल्या लोकांनाही नोकऱ्या लागतातच ना.

---

उत्तरवात | १४ जानेवारी, सकाळी ८:४०

बीकेसीकर, सरळ विचारलंत, सरळ सांगते. सरसकट विरोधात नाही. एकाती खाण १९९८ ला सुरू झाली, डायाविक २००३ ला. त्या दोन्ही खाणींनी या टेरिटरीत हजारो संसार चालवले, डेने आणि त्लिचो घरंही त्यात आली. माझ्या प्रयोगशाळेतलं काही कामही तिथलंच असतं. डायाविकचं उत्पादन २०२६ मध्ये थांबवण्याचं ठरलं आणि शहरात त्याची चिंता आहे.

पण दोन्ही खाणी बॅथर्स्ट कळपाच्या उन्हाळी वाटेवर आहेत. अभ्यासात दिसलं की खाणीपासून सुमारे १४ किलोमीटरपर्यंत कॅरिबू कमी फिरकतात. खड्डा दोनचार किलोमीटरचा, पण जनावराच्या लेखी तो केवढा मोठा! धूळ दगडफुलावर बसते, आवाज होतो, रस्ता आडवा येतो. एका खाणीचं परीक्षण करताना हे कमी वाटतं. दहा गोष्टी एकाच कळपाच्या वाटेवर आल्या की मग लक्षात येतं.

आणि खाण बंद झाल्यावरचा हिशेब यलोनाइफच्या वेशीवरच पाहता येतो. जायंट माइन ही सोन्याची खाण १९४८ पासून २००४ पर्यंत चालली. खडक भाजून सोनं काढताना निघालेली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी जमिनीखालच्या दालनांत भरून ठेवलीय. ती पाण्यात विरघळते आणि शेजारी सरोवर आहे. उपाय काय, तर दालनांभोवतीची जमीन गोठवून ठेवायची. त्यासाठी थर्मोसायफन नावाच्या नळ्या खोल उतरवतात. हिवाळ्याची थंडी त्या नळ्या आपसूक खाली नेतात, वीज लागत नाही. म्हणजे इथली थंडी टिकली तर विष जागच्या जागी राहणार. आणि थंडीच तर कमी होत चाललीय. हे काम कधी संपणार याला तारीख नाही. मी रोज ज्या पाण्यात आर्सेनिक मोजते त्या प्रत्येक नमुन्यावर मला हे आठवतं.

---

अल्बर्टाकर | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

मी सतरा वर्षं फोर्ट मॅकमरीत, तेलाच्या क्षेत्रात. बाजू घ्यायला आलो नाही, एक गोष्ट जोडायला आलोय.

तुम्ही टंड्रावर जाणारे कॅरिबू सांगितलेत. दक्षिणेच्या घनदाट बोरियलमध्ये वेगळे, रानातच राहणारे कॅरिबू असतात. छोट्या टोळ्यांनी, दलदलीत लपून. ते २००३ पासून कायद्याने संकटग्रस्त आहेत. तेल शोधताना भूकंपलहरींच्या चाचणीसाठी रानातून सरळ पट्ट्या कापतात, पाचआठ मीटर रुंद, मैलोन् मैल. झाड कापलं जातं थोडंच. पण लांडग्याला आयता रस्ता मिळतो. पूर्वी ज्या दलदलीत तो पोचत नसे तिथे तो धावत जातो. कापलेल्या जागी कोवळा पाला येतो, त्यावर मूस (हरणांच्याच कुळातलं मोठं जनावर) आणि हरणं येतात, त्यांच्यामागे आणखी लांडगे. सरकार २००५ पासून काही भागांत लांडगे मारतंय, कॅरिबू टिकावेत म्हणून. हे मला कधीच पटलं नाही. पट्ट्या आपण कापल्या आणि शिक्षा लांडग्याला.

२०१२ च्या केंद्रीय आराखड्यात ठरलं की प्रत्येक टोळीच्या प्रदेशातला किमान ६५ टक्के भाग अबाधित हवा. तेवढं केलं तरी टोळी तग धरण्याची शक्यता ६० टक्केच. अल्बर्टात बहुतेक ठिकाणी तेवढंही शिल्लक नाही.

मात्र ताई, "मोडलेलं जुळत नाही" याला माझी हरकत आहे. गेली काही वर्षं मी अशा पट्ट्या बुजवण्याच्या कामावर आहे. हिवाळ्यात जमीन गोठली की यंत्र नेतो, ओल्या पीटचे उंचवटे करतो म्हणजे रोपाची मुळं पाण्यात सडत नाहीत, त्यावर स्प्रूस लावतो आणि पट्टीवर ओंडके आडवेतिडवे टाकतो की लांडग्याला धावता येऊ नये. पहिल्या पट्ट्यांवरची रोपं आता माझ्या कमरेएवढी आहेत.

---

लुलेओकाठ | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:५५

स्वीडनच्या उत्तरेतून. इथलं चित्र आणखी वेगळं. जंगल खूप दिसतं, विमानातून हिरवंगार. पण बरंचसं लावलेलं, एका वयाचं, ठरलेल्या वर्षी सपाट तोडायचं. १९७० च्या दशकापासून तर उत्तर अमेरिकेतला लॉजपोल पाइन आणून लावला. तो दाट वाढतो, खाली दगडफूल टिकत नाही, रेनडिअर त्यात शिरायला नाखूश असतात.

माझ्या शेजारी एक सामी कुटुंब आहे. त्यांच्याकडून कळलं की भीती थंडीची नसते, हिवाळ्यातल्या पावसाची असते. बर्फावर पाऊस पडून गोठला की जमिनीवर काच बसल्यासारखं होतं, रेनडिअरला उकरता येत नाही. रशियात यमालला २०१३-१४ च्या हिवाळ्यात असंच झालं आणि ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. पूर्वी अशा वेळी जनावरं जुन्या स्प्रूसच्या फांद्यांवर लोंबणाऱ्या दगडफुलावर तग धरायची. ते शंभरदीडशे वर्षांच्या झाडांवरच येतं. झाड साठसत्तर वर्षांत तोडलं तर दुष्काळाचं कोठारच राहत नाही. आता लोक विकतचा चारा घालतात, तो परवडत नाही.

जानेवारी २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने गिरियास नावाच्या सामी समूहाच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या प्रदेशात छोट्या प्राण्यांच्या शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने कुणाला द्यायचे हे तेच ठरवतील. शेजाऱ्यांकडे त्या दिवशी सगळे रडत होते, मला बोलावून कॉफी दिली. मात्र झाडं तोडायची की नाही हे अजून त्यांच्या हाती नाही.

---

उत्तरवात | १५ जानेवारी, सकाळी ७:३०

अल्बर्टाकर, तुमची हरकत मान्य. मी लिहिलं ते घाईचं होतं. तुमच्या कमरेएवढ्या रोपांचे फोटो असतील तर जरूर टाका. एवढंच म्हणेन की एक पट्टी कापायला काही तास लागतात आणि ती बुजवायला तुमच्यासारख्याची वर्षं. वृक्षरेषेच्या वर गेलं की तेही जमत नाही. टंड्रावर अनेक दशकांपूर्वी उन्हाळ्यात गेलेल्या वाहनांच्या चाकोऱ्या अजून दिसतात, कारण चाकाखाली शेवाळ दबलं, ऊन आत शिरलं, खालचा बर्फ वितळला आणि चाकोरीची चारी झाली. तिथे तुमचं यंत्र नेलं तर आणखी चारी पडेल. म्हणून इथे खाणींची जड वाहतूक फक्त गोठलेल्या तळ्यांवरच्या बर्फाच्या रस्त्याने करतात, फेब्रुवारी-मार्चमधल्या आठदहा आठवड्यांत.

लुलेओकाठ, कोठाराची उपमा अगदी नेमकी आहे. हिवाळ्यातला पाऊस आमच्याकडेही येऊ लागलाय.

---

मांडवीकाठ | १५ जानेवारी, दुपारी १:१५

पुष्कळांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो, ध्रुवीय आणि सागरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आमच्या गोव्यात, वास्कोला सड्यावर आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून चालतं. माझी मावसबहीण एका उन्हाळ्यात तिकडे जाऊन आली. तिने सांगितलं, तिथे झाड म्हणून जे आहे ते ध्रुवीय विलो, दोनतीन सेंटिमीटर उंच. रानात चालायचं म्हणजे अक्षरशः रानावरून चालायचं, म्हणून पाऊल कुठे टाकायचं ते आधी शिकवतात.

---

शेवगा | १५ जानेवारी, रात्री ९:००

यावरून कासचं पठार आठवलं. तिथेही खडकावर चिमूटभर माती, फुलं दोन महिने आणि पाऊल पडलं की संपलं. सड्यांना 'पडीक' म्हणतात तसं टंड्रालाही काही म्हणतात का?

---

उत्तरवात | १६ जानेवारी, सकाळी ७:१०

म्हणतात ना, बॅरन लँड्स. वांझ जमिनी. नकाशावर अजून तेच छापलेलं असतं. सरकारी कागदात सड्याला 'पडीक' लिहिलं की पवनचक्की, रस्ता, खाण काहीही तिथे न्यायला मन धजतं, तसंच इथेही झालं. माझा तो चकतीवाला सहकारी हा शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो, ज्या जमिनीवर लाखो कॅरिबूंची पिल्लं जन्मली तिला वांझ कसं म्हणायचं?

कासशी तुलना मात्र पूर्ण जुळत नाही. कासला चार महिने मुसळधार पाऊस आणि मग कडक ऊन. इथे मुळांना वर्षातले जेमतेम तीन महिने मोकळी जमीन मिळते. बरीच झाडं पुढच्या उन्हाळ्याची कळी आदल्या शरदातच तयार करून ठेवतात, बर्फ हटला की वेळ जायला नको म्हणून.

---

चिखलवाट | १६ जानेवारी, रात्री १०:४५

उत्तरवात, एक विनंती. मे-जूनमध्ये जळालेल्या पट्ट्यात गेलात तर सुतार पक्षी दिसतात का पाहाल? काळ्या पाठीचा सुतार ताज्या जळालेल्या खोडांवर किड्यांसाठी येतो असं वाचलंय.

---

उत्तरवात | १७ जानेवारी, सकाळी ६:५५

दिसतात. २०२४ च्या जूनमध्ये त्या एकाच रस्त्यालगत, जिथे आम्ही रात्री धुरातून गेलो होतो तिथे, तीन पाहिले. कोळसा झालेल्या खोडावर काळा पक्षी, टकटक ऐकू आल्याशिवाय सापडत नाही. खाली राखेतून फायरवीडची गुलाबी फुलं आली होती आणि त्यांच्यामध्ये जॅक पाइनची रोपं, काडेपेटीतल्या काडीएवढी. या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. त्या जागेवर एक खूण करून ठेवलीय, रोपांची उंची मोजून इथे लिहीन.